चादरीखालची टाकी

अब्ला इन्साफच्या दारावरची बेल वाजली की दार उघडण्याआधी ती दोन कामं करायची. आधी दाराच्या भोकातून बाहेर कोण आहे ते बघायची, आणि मग आत जाऊन बैठकीतल्या फिश टँकवर फुलाफुलांची चादर टाकायची. बाहेर गॅसवाला असो की सख्खा भाऊ, त्याला तेवढा वेळ ताटकळावंच लागे. दार उघडल्यावर मात्र स्वागत तोंडभरून व्हायचं. चहा यायचा, बिस्किटं यायची. कोपऱ्यात चादरीखाली काय गुरगुरतंय असं कुणी विचारलंच, तर ती हात झटकून म्हणायची, "कसलं काय, जुनी टाकी आहे. गवत कुजलं, मासे मेले. फेकायची आहे एकदा."

मासे ठणठणीत होते. गप्पींची तर इतकी पिलावळ झाली होती की एकेकाला नाव द्यायची सोय नव्हती. नाव होतं फक्त तळाशी काचेला चिकटून बसणाऱ्या काळ्या माशाला. तो पाशा. आणि गवत तर इतकं माजलं होतं की कात्री लावून कापावं लागे. कापलेलं गवत ती काळ्या पिशवीत भरून, गाठ मारून दाराबाहेर ठेवायची आणि दरवानाला, अवदला, ओरडून सांगायची, "अवद, कुजलेला कचरा आहे, घेऊन जा."

चांगलं ते चांगलं म्हणायचं नाही, हा तिचा नेमच होता. अलेक्झांड्रियात दृष्ट लागायची भीती कुणाला नाही? टॅक्सीच्या आरशाला निळा मणी लटकतो, बाळाच्या झबल्याला सोन्याचा चिमुकला पंजा टोचलेला असतो, आणि कौतुकाच्या आधी 'माशाअल्लाह' म्हणायला विसरणाऱ्याकडे सगळेच वाकड्या नजरेने बघतात. पण बाकीच्यांचं मण्यावर भागतं. इन्साफला चादर लागायची.

ती मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवायची. बाई म्हणा की थोरली बहीण, इकडे हाक एकच, अब्ला. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी मुहर्रम बे भागातल्या त्या गल्लीत भाजीवाल्यापासून इमामापर्यंत सगळे तिला अब्लाच म्हणत. नवरा बंदरात गोदामावर होता, तो गेला. मूल नव्हतं. होता तो हा टँक, आणि टँकमध्येही तिचा खरा जीव होता तो त्या गवतात.

कारण ते गवत महमूदिया कालव्याचं होतं. तिचा बाप त्या कालव्यावर दोन्ही काठांना बांधलेली दोरी ओढत होडी चालवायचा. या काठची माणसं, मेंढ्या, मुळ्याच्या जुड्या त्या काठाला पोचवायच्या, एवढाच धंदा. इन्साफ होडीच्या टोकाशी पालथी पडून पाण्यात हात घालायची. खाली ते लांब फितीसारखं गवत प्रवाहाबरोबर आडवं झालेलं असायचं. उन्हाळ्यात त्याचं बारकं पांढरं फूल वेटोळ्या देठावर चढत वर यायचं. बाप म्हणायचा की हे गवत आहे तोवर पाण्यात जीव आहे. पुढे होडी गेली, बाप गेला, आणि एके दिवशी बातमी आली की कालवा बुजवून त्यावर रस्ता होणार. दगडांचे ट्रक येण्याच्या आदल्या संध्याकाळी निवृत्त शिवणबाई चपला काठावर ठेवून, झगा पोटरीच्या वर धरून कालव्यात उतरली आणि तुपाच्या डब्यात चार रोपं मुळासकट घेऊन आली. आता तिथून मिनीबस धावतात. त्या गवताची एक काडीसुद्धा कुठे उरलेली नाही, तिच्या टँकशिवाय.

असं तिला वाटायचं.

आता उम्म हिलालबद्दल, म्हणजे हिलालच्या आईबद्दल, सांगायला हवं. ती समोरच्या दारात राहायची. दोन्ही दारांत जिन्याचा चार पावलांचा चौक, आणि त्या चौकात अख्खं आयुष्य गेलेलं. उम्म हिलाल गोरी, बुटकी, कमी बोलणारी. गच्चीवर बदकं पाळायची आणि सणाला बदक कापलं की मलूखियाच्या पातळ पालेभाजीचं वाडगं समोरच्या दारात पोचतं करायची. तिचा दोष एकच. तिचे डोळे घारे होते. साधे घारे नव्हेत, ऊन पडलं की पाण्यासारखे फिके दिसायचे, आणि असल्या डोळ्यांची दृष्ट हमखास लागते असं इकडे मानतात.

इन्साफच्या लग्नाला वर्ष होत होतं तेव्हाची गोष्ट. तिला दिवस गेले होते, पोट नुकतं दिसायला लागलं होतं. ही घारी शेजारीण खजुराची बशी घेऊन आली, पोटाकडे बघून हसली आणि म्हणाली, "काय गोड दिसतेस गं." आणखी काहीच म्हणाली नाही. आठवडाभरात सगळं संपलं. डॉक्टरने कारण सांगितलं होतं, ते इन्साफने ऐकलंही होतं. पण डॉक्टरचं कारण डोक्यात राहिलं आणि ते फिके डोळे काळजात रुतले. तिने कधी तोंडाने म्हटलं नाही. फक्त तेव्हापासून उम्म हिलालकडून आलेल्या वाडग्यातला पहिला घास जिन्यातल्या मांजराला मिळायचा, आणि मांजर फिरकलंच नाही तर वाडगं सकाळपर्यंत तसंच झाकून राहायचं. वाडगं परत जाताना मात्र कधी रिकामं जात नसे. तेवढा रिवाज इन्साफने पाळला.

उम्म हिलाल घरी आली की नेहमी एकाच खुर्चीवर बसायची, टँककडे पाठ करून. इन्साफला त्यातही डाव दिसायचा. समोर काचेचं कपाट होतं. ही बया कपाटाच्या काचेत मागचं सगळं बघत असणार, याबद्दल तिची खात्री होती. म्हणून तिने कपाटालाही पडदा शिवला.

मग इमारत कलली. आधी दारं घासायला लागली, मग चौथ्या मजल्यावरच्या पोराची गोटी आपोआप भिंतीकडे पळायला लागली, आणि शेवटी पालिकेची माणसं येऊन सांगून गेली की सगळ्यांनी घरं रिकामी करा. गल्लीतले लोक खारी हवा, जुना पाया असं काहीबाही बोलत होते. इन्साफने बाल्कनीतून वर पाहिलं, तर गच्चीच्या कठड्यावर उम्म हिलाल कोपरं टेकून उभी होती. एवढी मोठी इमारत जर कुणाच्या डोळ्याने वाकली असेल तर नवल नाही, असं तिच्या मनात येऊन गेलं.

तिला शहराच्या टोकाला, अजमी भागात, तळमजल्यावर लहानशी जागा मिळाली. सामानाचं तिला काही नव्हतं, पलंग काय, कपाट काय. काळजी टँकची. पाण्याने भरलेला टँक उचलला की काचेचा सांधा उकलतो, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिने सगळा बेत मनाशी पक्का केला. जुनं पाणी कॅनमध्ये भरून न्यायचं, ते फेकायचं नाही. मासे झाकणाच्या बादलीत. फिल्टरचा स्पंज नळाखाली अजिबात धुवायचा नाही, त्यातला बुळबुळीतपणाच पाणी राखतो, तो जुन्या पाण्यात बुडवून न्यायचा. तळाची माती तशीच ओली टँकमध्ये राहू द्यायची. आणि गवत मुळासकट काढून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत.

पिशवी कुठली, यावर ती आदल्या दिवशी बराच वेळ अडून बसली होती. पारदर्शक पिशवीतून हिरवंगार गवत हमाल बघणार, गल्ली बघणार, समोरची तर बघणारच. शेवटी तिने काळी पिशवी घेतली. तीच, कचऱ्याची.

सकाळी हमाल आले. त्यांचा मुकादम दुसूकी धिप्पाड आणि बोलका. बाल्कनीला कप्पी बांधून त्याने पलंग, फ्रीज, कपाट दोरावरून खाली सोडलं. इन्साफ कधी वर, कधी खाली. वर असली की खाली चोरी होईल, खाली असली की वर. मग दुसूकीने टँकवरची चादर सरळ उचलली. गवत निघालेलं होतं, पण मासे अजून आत होते. तो खाली वाकून म्हणाला, "वा अब्ला, काय सुंदर पोरं आहेत!"

माशाअल्लाह नाही, काही नाही. इन्साफने पटकन दाराजवळच्या काळ्या पिशवीकडे बोट दाखवलं आणि विषय फिरवला. मासे म्हणे रोगट आहेत, आज-उद्या जातील. "आणि ती पिशवी बघितलीस? सगळं कुजलं. नुसता कचरा. तिकडे बघूही नकोस, वास येतो."

हे ती मोठ्याने म्हणाली, कारण समोरचं दार किलकिलं होतं. जिन्यावरून अवदही वर येत होता.

माशांची बादली तिने स्वतः खाली नेली आणि ट्रकमध्ये पुढच्या सीटवर ठेवली. टँक दोघांनी उचलून आणला, तोवर ती फुटपाथवर उभी राहून त्यांना प्रत्येक पायरी सांगत होती. सगळं चढलं. मग ती पिशवी आणायला वर गेली. दाराजवळची जागा रिकामी होती.

तिने दारामागे पाहिलं, स्वयंपाकघरात पाहिलं, रिकाम्या खोल्यांत पुन्हा पुन्हा फिरली. पिशवी नव्हती. तेवढ्यात गच्चीवरून उम्म हिलाल खाली आली. बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. आणि उजव्या बाहीला चिकटलेली हिरवी फीत, बोटभर लांब. आंधळी झाली असती तरी इन्साफने ते गवत ओळखलं असतं.

एका क्षणात इतक्या वर्षांचा सगळा हिशेब तिच्या डोळ्यांपुढे लागला. खजूर, पोट, वाडगी, कपाटाची काच. जिन्यात हमाल होते, वरच्या मजल्यावरचे लोक गाद्या घेऊन उतरत होते. तिला कुणाची पर्वा राहिली नाही.

"माझं गवत कुठाय?" ती म्हणाली. "बाहीवर काय आहे तुझ्या? मूल खाल्लंस, घर खाल्लंस, आता कालव्याचं एवढंसं गवत होतं तेही तुझ्या डोळ्यांत खुपलं?"

उम्म हिलालने बाहीकडे पाहिलं, ती फीत दोन बोटांनी काढली, मुठीत धरली आणि बाही खाली ओढली. मग आपल्या घरात गेली आणि दार लावून घेतलं. चोर पकडला गेला की असाच वागतो, असं इन्साफने दुसूकीला ट्रकमध्ये दोनदा सांगितलं. दुसूकी आरशात बघत राहिला.

अजमीच्या नव्या घरात तिने टँक मांडला. जुनं पाणी ओतलं, स्पंज बसवला, पंप सुरू केला, मासे सोडले. बेतातलं सगळं बेताप्रमाणे झालं होतं. पण आत बघवत नव्हतं. उघडी काळी माती आणि चारी बाजूंनी काच. गप्पी एका कोपऱ्यात गोळा होऊन राहिले. पाशा तर कुठे लपावं ते न कळून फिल्टरच्या नळीमागे जाऊन बसला. इन्साफ खोक्यांच्या मधोमध बसून रडली. मुलाच्या वेळी ती अशी मोकळी रडली नव्हती, तेव्हा सासू शेजारी बसलेली होती.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. नमाजानंतर अवदचा फोन आला. नवं घर कसं आहे, पाणी येतं का, असं विचारून झालं. मग तो चाचरत म्हणाला की कालपासून चैन पडत नाही. ती काळी पिशवी त्यानेच नेली होती. अब्ला स्वतः म्हणाल्या ना, कचरा म्हणून. नेहमीसारखी.

"कुठे टाकलीस?" इन्साफने विचारलं.

"कचऱ्याच्या गाडीत गेली, अब्ला. नेहमी तुमची पिशवी मी कचऱ्यात टाकत नाही. उम्म हिलाल मागून घेते, बदकांना. इतकी वर्षं तीच घेते. पण तिने परवाच बदकं विकली, म्हटलं आता तिला काय करायचंय. म्हणून या वेळी गाडीत टाकली."

इन्साफने फोन ठेवला. गवत कुणी चोरलं नव्हतं. तिने स्वतःच चार माणसांना ओरडून सांगितलं होतं की हा कचरा आहे, आणि अवदने तिचा शब्द खरा मानला होता. गवत गेलं ते गेलं, पण जिन्यात बोललेलं कुठल्या गाडीत टाकणार? मूल खाल्लंस, असं म्हणाली होती ती. तेही सगळ्यांसमोर. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने उठून, बाहेर कुणी नसताना, खिडकीची झडप लावून घेतली.

संध्याकाळ व्हायच्या आत बेल वाजली. सवयीने ती भोकाशी गेली. बाहेर उम्म हिलाल उभी होती. पोटाशी प्लास्टिकचं घमेलं, त्यावर ओलं फडकं, झग्याचा पुढचा भाग सगळा भिजलेला. मुहर्रम बेहून यायला दोनदा मायक्रोबस बदलावी लागते. इन्साफ सवयीनेच मागे फिरली आणि चादर उचलली. मग टँककडे बघून तशीच थांबली. झाकण्यासारखं आत काय होतं?

चादर हातात घेऊनच तिने दार उघडलं.

उम्म हिलालने तिच्याकडे पाहिलं नाही. फरशीकडे बघत ती म्हणाली, "काय सांगू इन्साफ. सगळं कुजलंय. फेकायचंच होतं. म्हटलं जाता जाता तुझ्याकडे टाकावं."

आणि तिने फडकं बाजूला केलं. घमेल्यात गवत होतं. हिरवंगार, लांब, मुळाला काळा चिखल, आणि एका वेटोळ्या देठावर पांढरं फूल.

इन्साफने घमेलं घेतलं आणि तिथेच खोक्यावर टेकली. हे कुठून आलं, एवढंच तिला विचारता आलं. उम्म हिलालने थोडक्यात सांगितलं. गच्चीवर बदकांसाठी जुना बाथटब होता. पिशवीतलं गवत त्यात टाकलं की बदकं खायची, उरलेलं चिखलात रुजायचं. वर्षानुवर्षं तसंच चाललं होतं. काल ती टब रिकामा करत होती, घर सोडायचं म्हणून. खाली आली, तेव्हा इन्साफने जिन्यात जे म्हटलं ते ऐकलं. मग टबातलं उरलेलं गवत तिने राखून ठेवलं.

"म्हणजे तुला ठाऊक होतं," इन्साफ म्हणाली, "की माझं काही कुजलेलं नाही."

"कुजलेलं गवत इतकं हिरवं असतं होय?" उम्म हिलाल पहिल्यांदाच जराशी हसली. "तू चादर टाकतेस तेही ठाऊक होतं. मी बाहेर उभी असायचे, आत पावलं ऐकू यायची. राग नाही यायचा गं. माझ्यासमोर माझ्यासारखे डोळे राहत असते तर मीही टाकली असती."

"तसं नाही..."

"तसंच आहे. लहानपणापासून तसंच आहे. बारशाला मला मागे बसवतात, नवरीकडे बघायला मीच जात नाही. तुझ्याकडे त्या वेळी आले, भान विसरून बोलून गेले. माशाअल्लाह म्हणायचं राहिलं. मलाच अजून वाटतं की माझ्यामुळे झालं. म्हणून मी तुझ्या कुठल्या चांगल्या गोष्टीकडे बघायचंच नाही असं ठरवून टाकलं." असं म्हणत तिने इकडेतिकडे पाहिलं, एक खुर्ची ओढली आणि टँककडे पाठ करून बसली.

इन्साफने ते पाहिलं. इतकी वर्षं तिने ते पाहिलं होतं आणि एकदाही खरं बघितलं नव्हतं. कपाटाला पडदा शिवला होता तिने, स्वतःच्या हाताने, दुहेरी टीप घालून.

"डॉक्टरने तेव्हाच कारण सांगितलं होतं," ती म्हणाली. "माझ्या रक्ताचं काहीतरी. तू नव्हतीस. मला माहीत होतं गं, तरी मी तुलाच धरून बसले, कारण कुणालातरी धरायला हवं होतं. काल जिन्यात मी बोलले ते फार वाईट बोलले. सगळ्यांसमोर बोलले. उद्या येते आणि सगळ्यांसमोरच माफी मागते."

"जिन्यात आता कोण उरलंय?" उम्म हिलाल म्हणाली. "अवद आणि दोन मांजरं. रविवारी मीही चालले, दमनहूरला, हिलालकडे. तिसऱ्या मजल्यावर घर आहे त्याचं. गच्ची दुसऱ्याची."

इन्साफ उठली, बाह्या वर केल्या आणि टँकपाशी गुडघे टेकले. एकेक रोप सोडवून ती मुळं मातीत दाबायला लागली. पण रोपं सुटून वर तरंगत होती. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा ती मागे न बघता म्हणाली, "खुर्ची फिरव."

"नको."

"फिरव म्हणते ना. मला एकटीला जमत नाहीये. मुळाला धरायला कुणीतरी हवं."

मग खुर्चीचे पाय फरशीवर घासले. उम्म हिलाल शेजारी येऊन बसली, आधी डोळे मिटून घेतले, माशाअल्लाह म्हणाली, आणखी एकदा म्हणाली, आणि मग डोळे उघडले. पाशा नळीमागून निघून पहिल्या रोपाच्या आड शिरला. ती बघत राहिली. तिचे ते फिके डोळे भरून आले होते आणि तिच्या बाहीवरून पाणी टपटप खाली पडत होतं.

इन्साफने फुलाफुलांची चादर ओढून घेतली आणि ती दोघींच्या गुडघ्यांखालच्या ओल्या फरशीवर अंथरली.